महाविद्यालयीन संघाचा हंगाम

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात देवरूख येथे केलेले भाषण)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा आम्हांस प्रश्नच पडला. विवाहातील खर्च, शिक्षणनिधी, वसतिगृह, वधुवरसूचक मंडळ या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर दरवर्षी बोलतात. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कारही आपण दरवर्षी करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या मुलामुलींच्या खेळाविषयी या ठिकाणी कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. फार झाले तर कोणी पदक आणले, म्हणजे त्याचे नाव वाचून दाखवले जाते. ज्याने पदक आणले नाही, तो खेळला होता की नव्हता याची चौकशीही आपण करीत नाही. म्हणून आज, पदक न मिळालेल्या एका संघाविषयी बोलण्याचे आम्ही ठरवले आहे.

काही वर्षांपूर्वी याच कोकणातील एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाबरोबर एक हंगाम काढण्याचा योग आम्हांस आला. आम्ही त्या महाविद्यालयाचे कोणी अधिकारी नव्हतो. शेजारचा एक मुलगा संघात होता, त्याच्या वडिलांस रजा मिळेना, आणि मुलांबरोबर एखादे वडीलधारे माणूस असावे असे सर्वांस वाटले, एवढ्याच निमित्ताने आम्ही गेलो. मुले आम्हांस ‘काका’ म्हणत. त्या हंगामात आम्ही जे पाहिले, ते आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या स्पर्धांची रचना सांगणे अवश्य आहे, कारण ज्यांच्या घरातील कोणी खेळाडू नाही त्यांस ती ठाऊक नसते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याचा विस्तार मुंबई शहरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांपर्यंत आहे. एवढ्या मोठ्या मुलखातील महाविद्यालयांचे सामने एके ठिकाणी भरवणे शक्य नाही. म्हणून विभाग पाडलेले आहेत. आपल्याकडील महाविद्यालये प्रथम आपसांत खेळतात. खेड, चिपळूण, गुहागर, देवरूख, रत्नागिरी, कणकवली, मालवण, सावंतवाडी अशा गावांचे संघ एकमेकांसमोर येतात. विभागात जे वरचढ ठरतात ते आंतरविभागीय सामन्यांस जातात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागातील अन्य विद्यापीठांशी खेळतो, आणि तेथे यश आले तर अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. ही शिडी उंच आहे. तिची पहिली पायरी मात्र आपल्या अंगणातच आहे.

खेळाविषयीही दोन शब्द. आपल्या आजोबांच्या पिढीत याला हुतुतू म्हणत. शेत कापून झाले की खळ्यात, नाहीतर शिमग्याच्या दिवसांत देवळापुढच्या मांडावर हा खेळ रंगे. ना चेंडू, ना फळी. अंगात दम असला आणि पायांखाली माती असली की झाले. कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेला, तेव्हा हा खेळ त्याच्याबरोबर लालबाग-परळच्या चाळींतून गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नियम बांधण्याचे काम केले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, त्यांत कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळास पदकाचा मान मिळाला आणि पहिले सुवर्णपदक भारताकडे आले. खळ्यातला खेळ असा जगापुढे गेला.

जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही. ‘गामिनी’त एकदा बाद झाला तो बाहेरच बसे. ‘संजीवनी’त मात्र आपल्या बाजूच्या कोणी प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला, की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा उठून मैदानात येई. आज जगभर जो खेळ चालतो तो या संजीवनीचाच. एकाच्या पराक्रमाने दुसऱ्यास पुन्हा उभे राहता येते, ही या खेळाची खूण आपण लक्षात ठेवावी. भाषणाच्या शेवटी तिच्याकडे आम्हांस परत यावयाचे आहे.

आता त्या हंगामाकडे वळू. जूनमध्ये महाविद्यालय उघडले, आणि सकाळी सहाला मैदानावर मुले जमू लागली. जमू लागली म्हणण्यापेक्षा, जमण्याची धडपड करू लागली म्हणणे अधिक खरे. गावागावांतून पहिल्या एस. टी.ने येणारी ही मुले. पऱ्ह्यास पूर आला की गाडी अडे, आणि त्या दिवशीचा सराव बुडे. जुलैत लावणी सुरू झाली. संघातील सर्वांत चपळ चढाईपटू आठ दिवस दिसला नाही. चौकशी करता कळले की घरी नांगरास दुसरा माणूस नाही. नवव्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या पायांची बोटे चिखलाने कुजली होती, तरी तो तसाच मैदानात उतरला. दुसरा एक मुलगा संध्याकाळी एका खानावळीत कामास होता. रात्री अकराला सुटे आणि पहाटे पाचला उठे. कोपरारक्षक म्हणून त्याच्याएवढी पक्की पकड आम्ही त्या वर्षी विभागात दुसरी पाहिली नाही.

मुलींचाही संघ होता. त्यांच्या अडचणी आणखी निराळ्या. सराव सहाचा, आणि घरचे पाणी भरणे त्याआधीचे. दोघींच्या घरी आम्ही स्वतः जाऊन, परगावी सामन्यास पाठवण्याची परवानगी मागितली. एकीच्या आजीने प्रथम नकार दिला, मग आम्हांस बसवून चहा पाजला, आणि शेवटी म्हणाली, “जाऊ दे हो तिला. आमच्या वेळी कोणी विचारलंच नाही.” त्या माउलीचे ते शब्द आमच्या कानांत अद्याप आहेत.

अशी तीन महिने तयारी झाली. गणपती आले, गेले. गौरीबरोबर माहेरवाशिणी आल्या, गावोगाव भजने-आरत्या झाल्या, आणि मुलांची झोप तेवढी कमी झाली. नंतर सामन्यांची तारीख आली. भल्या पहाटे आम्ही एस. टी. स्थानकावर जमलो. अंगावर एकसारखी बनियने, पाठीवर क्रमांक, पिशवीत भाकरी आणि सुक्या बटाट्याची भाजी. गाडीत गाणी झाली, घाटवळणावर दोघांस ओकारी झाली, आणि दुपारी आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वर्गखोल्यांत बाकडी बाजूस सारून सतरंज्या पसरल्या. शेजारच्या खोल्यांत अन्य गावांचे संघ होते. रात्री एका खोलीतली चटणी दुसऱ्या खोलीत गेली, आणि दुसरीतले तळलेले मासे पहिलीत आले. सकाळी जे एकमेकांचे घोटे धरून ओढणार होते, ते रात्री एका दिव्याखाली पत्ते खेळत होते.

पहिला सामना आमच्या मुलांनी सहज जिंकला. दुसरा सामना त्याच दिवशी दुपारी झाला, तो मात्र सांगण्यासारखा आहे. प्रत्येकी वीस मिनिटांचे दोन डाव; सामना संपण्यास दीड मिनिट उरले असता आमचा संघ एका गुणाने पुढे होता. पण मैदानात आमचे दोघेच शिल्लक होते, बाकीचे पाच बाहेर बसलेले. प्रतिस्पर्ध्यांचा उंच, सडपातळ असा एक चढाईपटू आला. आमच्या कोपरारक्षकाने, त्याच खानावळीतल्या मुलाने, त्याच्या घोट्यास हात घातला. पकड बसलीही होती. दुसरा मदतीस धावला. तो चढाईपटू दोघांसकट घसरत मध्यरेषेपर्यंत आला, आणि त्याच्या हाताचे एक बोट रेषेपलीकडे टेकले. दोघेही बाद. दोन गुण स्पर्शाचे, आणि सारा संघ बाद झाला म्हणून लोणाचे आणखी दोन. एका गुणाने पुढे असलेला आमचा संघ एका दमात तीन गुणांनी मागे गेला. उरलेल्या वेळात आमच्या चढाया रिकाम्या गेल्या. शिट्टी झाली.

परतीच्या गाडीत गाणी झाली नाहीत. बऱ्याच वेळाने तो लावणीचा मुलगा आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “काका, संपला आपला हंगाम.”

सभ्यजनहो, हे एकच वाक्य आम्हांस त्या रात्री झोप येऊ देईना. तीन महिने पहाटे उठणे, पऱ्ह्यांतून वाट काढणे, आजीची परवानगी मिळवणे, आणि सामने किती? दोन. मैदानावरचा काळ मोजला तर दीड तासही नव्हे. विभागीय सामने सामान्यतः बाद पद्धतीने खेळले जातात. हरला तो घरी गेला. यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. संघ पुष्कळ, दिवस थोडे, परीक्षा तोंडावर, पाऊस डोक्यावर. यजमान महाविद्यालयाने तरी किती दिवस वर्ग बंद ठेवावेत? परंतु याचा परिणाम असा होतो की विभागातील निम्म्या संघांचा हंगाम पहिल्याच पराभवाने, पहिल्याच दिवशी आटोपतो. जो हरला त्याने काय चुकले ते शिकावे कोठे? पुढचा सामना तर एका वर्षाने! आणि तोवर तिसऱ्या वर्षाचा मुलगा पदवी घेऊन नोकरीच्या शोधात मुंबईस गेलेला असतो.

हे विचार मनात असतानाच पुढे एके वर्षी आप्तांकडे अमेरिकेस जाण्याचा प्रसंग आला. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत, म्हणून तेथील गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमचा मुक्काम एका विद्यापीठाच्या गावी होता आणि दिवस शरद ऋतूचे होते. दर शनिवारी सारे गाव एका रंगाचे कपडे घालून मैदानाकडे लोटे. खेळ त्यांचा फुटबॉल. आपला पायांनी खेळावयाचा फुटबॉल तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन अकरा गडी प्रतिपक्षाची भिंत फोडीत पुढे सरकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन मिळवली तर चेंडू त्यांच्याकडे राहतो, नाहीतर दुसऱ्याकडे जातो. घोट्यास मिठी मारून गडी लोळवण्याची त्यांची रीत पाहून आम्हांस आपल्या कोपरारक्षकाचीच आठवण झाली.

हा खेळ तेथे महाविद्यालयांतच जन्मला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या शेजारच्या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते, आणि रटगर्सने तो सहाविरुद्ध चार असा जिंकला. पुढे १८९६ साली मध्यपश्चिमेकडील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन आपल्या प्रदेशापुरते एक मंडळ स्थापिले. अशा मंडळास ते ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. मंडळातील संघांनी हंगामभर आपसांत खेळावयाचे, नियम सर्वांनी मिळून पाळावयाचे, आणि शेवटी मंडळाचा विजेता ठरवावयाचा. प्रथम श्रेणीच्या संघाच्या वाट्यास आज हंगामात बारा सामने येतात, पैकी आठ-नऊ आपल्या मंडळातले. एक सामना हरला म्हणून कोणी घरी जात नाही. पुढचा शनिवार असतोच. पूर्वेकडील आठ जुन्या विद्यापीठांचे ‘आयव्ही लीग’ म्हणून मंडळ आहे. तेथे १९५६ च्या हंगामापासून, साथीचे २०२० साल सोडता, प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी दरवर्षी एकेकदा खेळत आला आहे, आणि केवळ खेळतो म्हणून कोणा विद्यार्थ्यास ती विद्यापीठे शिष्यवृत्ती देत नाहीत.

तिकडचे सर्वच अनुकरणीय आहे असे मात्र आपण समजू नये. या खेळात प्रारंभी एवढी दांडगाई होती की १९०५ च्या हंगामात अठराच्या आसपास खेळाडू दगावल्याचे वृत्तपत्रांनी छापले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. दुसऱ्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, आणि देशभरच्या महाविद्यालयांची नियामक संस्था जन्मास आली. प्रेतांची मोजदाद होईपर्यंत थांबून मग नियम करणे, हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. दूरचित्रवाणीचा पैसा वाढला तशी मंडळांची प्रादेशिकता गळू लागली. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरचे शतकभराचे जुने मंडळ मोडले. त्यातील चार विद्यापीठे मध्यपश्चिमेच्या मंडळात गेली, आणि स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही दोन तर अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळात दाखल झाली! म्हणजे एका महासागराच्या काठचे विद्यार्थी दुसऱ्या महासागराच्या काठी सामन्यास जाऊ लागले. उत्पन्न वाढले, पण शेजारी गेला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोन गावांनी एकमेकांस जिद्दीने हरवले आणि प्रेमाने जेवू घातले, त्यांतील कित्येकांच्या वार्षिक भेटी बंद पडल्या. तेथील जुनी माणसे याविषयी हळहळताना आम्ही ऐकली. ती हळहळ आम्हांस समजली, कारण वर्गखोलीतली ती चटणी आणि ते तळलेले मासे आम्ही पाहिले होते.

यावरून आम्ही एवढेच घेतले की, महाविद्यालयीन खेळाचे बळ शेजारात आहे. ज्याच्या गावावरून आपली गाडी रोज जाते, ज्याच्या बाजारात आपण काजू विकतो, ज्याच्या घरात आपली बहीण दिली आहे, त्याच्याशी वर्षातून अनेकदा खेळावे, हरावे, जिंकावे आणि एका पंक्तीस बसावे. वरची शिडी थोड्यांसाठी आहे; अंगण सर्वांचे आहे.

आता मनातील अवघड गोष्ट बोलतो. ती बोलल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

त्या हंगामानंतर आम्ही गावी आलो, तेव्हा एका ज्ञातिबंधूंनी विचारले, “संघात आपले किती होते?” आम्ही चटकन उत्तर दिले, “दोन.” उत्तर देताना आमची आम्हांसच लाज वाटली. कारण याचा अर्थ असा की तीन महिने त्या मुलांबरोबर राहूनही, मनातल्या मनात आम्ही ती मोजणी केलेली होती. लावणीचा मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता. खानावळीतला नव्हता. ज्या मुलीच्या आजीने आम्हांस चहा पाजला तीही नव्हती.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षी सरावात त्या कोपरारक्षकाचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या घरास झेपणारा नव्हता. ज्ञातीच्या साहाय्यनिधीतून काही रक्कम द्यावी असा विषय एका सभेत निघाला. निधी ज्ञातीयांसाठीच आहे असे घटनेत लिहिलेले. म्हणून विषय दोन मिनिटांत संपला. तसा तो नियमाप्रमाणेच संपला, त्या सभासदांस आम्ही बोल लावीत नाही. आम्ही त्या सभेत हजर होतो आणि एक शब्दही बोललो नाही, याचा बोल आम्ही स्वतःस लावतो. गावातील काही माणसांनी खाजगी वर्गणी काढली, आम्हीही तीत भर घातली, मुलगा चालू लागला. परंतु तो पुन्हा खेळला नाही.

बंधुभगिनींनो, खेळात ज्ञाती मोजण्याचा इतिहास आपल्या प्रांतात जुना आहे आणि त्याचा शेवटही आपण पाहिला आहे. मुंबईत क्रिकेटचे मोठे सामने एके काळी धर्मवार होत. १९०७ साली युरोपियन आणि पारशी यांच्या जोडीस हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, आणि १९३७ साली ‘इतर’ म्हणून पाचवा संघ झाला. हिंदूंच्या संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज होता पळवणकर बाळू. तो चर्मकार समाजात जन्मलेला. मैदानावर चेंडू त्याच्या हातात देण्यास सर्वजण उत्सुक असत. परंतु पुण्यास खेळताना चहा त्याला निराळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर, मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक गडी बाद केले, तरी हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्याला कधी लाभले नाही. त्याच्या भावास, विठ्ठलास, ते १९२३ साली मिळाले. महात्मा गांधींनी १९४० साली धर्मवार संघांविषयी आपली नापसंती स्पष्ट सांगितली, आणि १९४६ नंतर ते सामने कायमचे बंद झाले. त्यांची जागा घेतली ती रणजी करंडकाने. ती स्पर्धा १९३४ सालीच सुरू झाली होती, आणि तिचे संघ प्रांतांचे होते. प्रथम विभागात खेळावयाचे, मग पुढे जावयाचे, ही तिची रीत. तू कोणाचा, हा प्रश्न जाऊन तू कोठला, हा प्रश्न आला. आमच्या मते क्रिकेटच्या इतिहासात कोणत्याही शतकापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मग ज्ञातिसंघाने खेळाच्या बाबतीत काय करावे? ज्ञातीचा निराळा संघ काढावा, ज्ञातीपुरते सामने भरवावेत, अशी सूचना अधूनमधून येते. स्नेहसंमेलनातील गंमत म्हणून ते ठीक आहे. पण आम्ही जे पाहिले त्यावरून, खरे काम निराळे आहे. त्यासाठी तीन सूचना आम्ही नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुटीनंतर, जवळपासच्या महाविद्यालयांची साखळी पद्धतीची स्पर्धा देवरूखास भरावी. मुलांची आणि मुलींचीही. देवरूख, रत्नागिरी, चिपळूण, लांजा या पट्ट्यातील सहा संघ जरी आले, तरी प्रत्येकास पाच सामने मिळतील आणि एकंदर पंधरा सामने होतील. दर रविवारी तीन सामने ठेवले तर पाच रविवारांत स्पर्धा पुरी होते आणि कोणाचा अभ्यास बुडत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेस ही पर्याय नव्हे. तिच्यासाठी ही तालीम आहे. स्पर्धा महाविद्यालयांनीच चालवावी. आपण फक्त मदतनीस व्हावे. आपले सभागृह मुक्कामास द्यावे, आपल्या घरांनी आळीपाळीने जेवण द्यावे. देवरूखात पंधरा घरांनी प्रत्येकी एक रविवार घेतला तरी भार जाणवणार नाही.

दुसरी सूचना. साहाय्यनिधीत एक छोटा, स्वतंत्र भाग करावा आणि तो तालुक्यातील कोणत्याही जखमी खेळाडूसाठी ठेवावा. कोणत्याही, हा शब्द घटनेत तसाच लिहावा. मूळ निधीस हात लावण्याचे कारण नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी या भागास निराळी देणगी द्यावी. आमची पहिली देणगी आजच चिटणीसांकडे दिली आहे. तिचा आकडा वाचून दाखवू नये अशी विनंतीही केली आहे.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. गुणवंतांच्या सत्कारात यापुढे संघातून खेळलेल्या मुलामुलींची नावेही वाचावीत, मग तो संघ हरलेला असो. तीन महिने पहाटे उठण्यास गुण नाहीत, म्हणून ते गुण नव्हेत असे नाही.

कोणी म्हणेल, असे केल्यास ज्ञातिसंघ आणि गावचे मंडळ यांत भेद काय राहिला? शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, आपल्या पूर्वजांनी हा संघ काढला तो एकाकी कुटुंबास आधार मिळावा म्हणून. मुंबईत नवीन आलेल्या मुलास रात्री डोके टेकण्यास जागा मिळावी, विधवेच्या मुलाची फी भरली जावी, हा त्यामागचा हेतू होता. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चार सुखाचे घास आहेत. ज्याने आधार घेतला त्याने पुढे आधार द्यावा, हा संसाराचा नियम आहे. आणि तो देताना दारात उभ्या असलेल्यास त्याचे आडनाव विचारू नये, हा कोकणातल्या घराचा नियम आहे. सप्तलिंगीचे पाणी कोणाच्या शेतास जात आहे हे विचारून वाहत नाही.

आरंभी आम्ही संजीवनीची खूण सांगितली होती. मैदानात एकाने हिंमत केली की बाहेर बसलेला दुसरा उठतो. ज्याने गडी बाद केला तो आणि जो उठला तो, यांची जात कोणी विचारीत नाही. पंच फक्त हात वर करून सांगतो की, या, आत या. आपला संघ आता मैदानात उभा आहे, चांगला सशक्त आहे. बाहेर काही मुले बसलेली आहेत. त्यांस आत बोलावण्याइतपत एक चढाई आपण करावी, एवढीच आमची प्रार्थना.

खानावळीतला तो मुलगा आज याच तालुक्यातील एका शाळेत लहान मुलांस कबड्डी शिकवतो. मागील महिन्यात तो बाजारात भेटला. थोडा लंगडतो. आम्हांस पाहताच म्हणाला, “काका, त्या दिवशी पकड बसली होती हो. बोट रेषेला लागलंच कसं, कळत नाही.” एवढी वर्षे लोटली तरी तो त्या एका चढाईचा विचार करतो आहे. त्याला त्या वर्षी आणखी चार सामने मिळाले असते, तर त्या चढाईचा त्याला केव्हाच विसर पडला असता.

पुढच्या मुलांस ते चार सामने मिळोत.